क्रॉनच्या भरवशावर नळ

धुळे, ४ एप्रिल १९९३, रविवार
चौदा तारखेच्या बुधवारी बायको, शेवंताबाई, दोंडाईच्याहून मुलीला आणि महिन्याच्या नातवाला घेऊन येणार. जातानाच बजावून गेली आहे: टाकी भरलेली नसेल तर त्याच एसटीने परत. नळ मंगळवारी आणि शुक्रवारी, पहाटे पाचला. आतापर्यंत सगळे वार हुकले. कवितेत होतो. पण आता उपाय सापडला! खाली आमच्या मुलाच्या, मगनच्या, कॉम्प्युटर क्लासमध्ये युनिक्सचं मशीन आहे. त्यात क्रॉन नावाची सोय. वार-वेळ एकदाच सांगायची, ती जन्मभर पाळते. मगन म्हणाला, आबा, गजराचं घड्याळ आहे की. म्हटलं, पोरा, घड्याळाला वार कळत नाही.

५ एप्रिल, सोमवार
क्रॉनची ओळ म्हणजे साक्षात वृत्त! पाच जागा: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. मगनने लिहून दिलं: शून्य, पाच, तारा, तारा, शेवटी 'दोन, पाच', म्हणजे मंगळ-शुक्र. तारा म्हणजे कोणताही. पण काव्याची सुरुवात शून्याने? फार भकास. मी तिथेही तारा घातला. पाचला प्रिंटर माझी द्विपदी छापणार:
उठा गडे हो, नळ हा गाई,
हंडे-कळशा भरण्या घाई!
प्रिंटर करवतीसारखा ओरडतो. झोपून राहण्याचा प्रश्नच नाही.

६ एप्रिल, मंगळवार
पाचला बरोब्बर वाजला. मिनिटाने पुन्हा. मग पुन्हा. सहापर्यंत दर मिनिटाला! पहिल्या ताऱ्याचा हा प्रताप. कागद थेट ओट्यावर. शेजारच्या भिकुबाई धावत आल्या, "गुरुजी, तुमनं मशीन येडं व्हयी गयं का? बठ्ठी गल्ली जागी करी टाकी!" मी त्यांना द्विपदी चालीवर म्हणून दाखवली. माझी एवढी कविता आजवर कुणी छापली नव्हती. म्हणण्यात नळ गेला. शुक्रवार आहेच.

९ एप्रिल, शुक्रवार
मगनने शून्य परत बसवलं. एकदाच वाजला. मी टुणकन नळाशी! पाणी अर्धी बादली. एरवी गल्लीत चारच घरं उठायची, आज प्रिंटर ऐकून सगळी उठली. आणि आमचं घर पाइपाच्या टोकाला. असो. चाळीस वर्षं वर्ग जागा ठेवता आला नाही, आज गल्ली उठवली.

१३ एप्रिल, मंगळवार
पावणेपाचलाच बायका नळाशी बसलेल्या. भिकुबाई विचारतात, "गुरुजी, तुमनी कविता कव्हय वाजस?" पाचला वाजली. सगळ्या तोट्या एकदम उघडल्या. आमच्या नळाने फक्त फुस्स केलं. मगन म्हणाला, आबा, बंद करू का हे? म्हटलं, खुळा आहेस, क्रॉन निर्दोष आहे. पाणी हा तपशील. उद्या तुझ्या आईला नीट समजावतो. ती ऐकेल.

१४ एप्रिल, बुधवार
ऐकलं नाही. टाकीत वाकून पाहिलं आणि पिशवी पुन्हा उचलली. नातू रडायला लागला म्हणून थांबली. "गावाला पाणी पाजलंत, नातवाला काय कविता पाजू?" शेवटी बाळाच्या अंघोळीला भिकुबाईंनी दोन हंडे दिले. त्यांची टाकी काठोकाठ आहे. माझ्या द्विपदीमुळे. हे मी बोलून दाखवलं. बोलायला नको होतं.

१६ एप्रिल, शुक्रवार
प्रिंटर पाचच्या ठोक्याला वाजला. द्विपदी मी भिकुबाईंच्या अंगणातून ऐकली, दोन्ही हातांत बादल्या घेऊन. त्यांचं भरून झालं की आमचा नंबर, असं शेवंताबाईने त्यांच्याशी ठरवून टाकलं आहे. वार: मंगळ, शुक्र. महिना: तारा. तारीख: तारा.