उर्सेलचं अखेरचं तेल

आइखबाख, संत मार्टिनच्या सणाचा दुसरा दिवस, १५४२

प्रिय आईस,

फाइटचा साष्टांग नमस्कार. मठ सोडून मी लूथरपंथी झालो, लग्न केलं, तेव्हापासून तू माझं नाव टाकलंस. तरी लिहितो आहे. गावचे फादर वाचून दाखवतील, त्यांनी मधलं काही गाळू नये.

इकडे थंडी लवकर आली. ओटीलीला सातवा लागलाय, पाय सुजतात, पण राय धान्याची भाकरी अजून तीच भाजते. मी रचलेलं 'मरणा, तुझं भय नाही' हे गीत आता शेजारच्या गावांतही गातात. इथे तर या शरद ऋतूत रोजच गावं लागलं. गाठीचा ताप आलाय, आई.

उर्सेलला परत पाठव, असा तुझा निरोप मिळाला होता. ती ऐकेना. "वहिनीचं बाळंतपण करून जाईन," म्हणाली. आजाऱ्यांना पाणी पाजत घरोघर फिरायची. मग तिच्याही काखेत गाठ आली.

मी उशाशी बसून माझं गीत म्हणू लागलो. तिने माझा हात धरला.

"दादा, गाणं छान आहे रे. पण मला भीती वाटतेय. मला मरणाआधीचं पवित्र तेल लावायला फादर एबरहार्टना आण ना. आईच्या जुन्या रीतीने."

एबरहार्ट म्हणजे इथले जुन्या पंथाचे पाद्री. माझ्याच प्रवचनांनी त्यांचं चर्च गेलं होतं. चांभारवाड्यामागे एका खोलीत राहायचे. मी भरदिवसा त्यांच्या दारात उभा राहिलो.

"काय हो पास्टर, नवं गाणं ऐकवायला आलात?" ते म्हणाले.

"माझी बहीण मरतेय. तिला तुम्ही हवे आहात."

त्यांनी तेलाची कुपी कमरेला बांधली. काठी घेतली आणि निघाले. त्यांनी तिच्या कपाळाला, हातांना तेल लावलं. मेणबत्ती मी धरली होती. उर्सेलचा चेहरा निवळला. संध्याकाळच्या आत ती गेली. आठवड्याने त्याच तापाने तेही गेले. दोघांना मीच मूठमाती दिली.

जुन्या पंथाचं तेल घरात लावू दिलं म्हणून नगरसभेने मला बोलावलं. "बहीण तापात बरळत होती, मी चुकलो, एवढं चर्चमध्ये उभं राहून सांगा," म्हणाले. "तुमची जागा तुमचीच राहील."

"ती पूर्ण शुद्धीत होती," मी म्हणालो.

माझ्या जागी दुसरा आलाय. उद्या घर रिकामं करायचं आहे. तापाच्या गावचे म्हणून कोणी थारा देत नाही. आम्ही तुझ्या दिशेने चालत येतोय.

मला दारात उभं नाही केलंस तरी चालेल, मी गोठ्याबाहेर राहीन. ओटीलीला सून म्हणू नकोस हवं तर. पण तिला आत घे.

तुझ्या उर्सेलचा भाऊ,
फाइट