पांढरा खिसा

प्रिय धाकट्या,

मला गुप्तहेर नेमून तू जहाजावर निघून गेलास, त्याला पाच महिने झाले. नेमणूक तोंडी होती. बॅग उचलता उचलता म्हणालास, ताई, गोठ्यावर जरा नजर ठेव, हिचे नवीन प्रयोग चाललेत. माझी तीस वर्षं वर्गावर नजर ठेवण्यातच गेली, तेव्हा काम अनुरूप होतं. हा माझा शेवटचा अहवाल. सावकाश वाच. गोष्टीचं शेवटचं पान आधी उघडायची तुझी जुनी खोड मला ठाऊक आहे.

प्रयोग तुला अर्धवट माहीत आहे, म्हणून पुन्हा सांगते. विण्याआधीचे तीन आठवडे गाभण गाय वेगळ्या कप्प्यात. तिथे लसूणघास बंद आणि दुभत्या गायींचं चुन्याचं पांढरं मिश्रणही बंद. वाळलं गवत, मोजून मुरघास, आणि निळ्या डब्यातली एक कडवट पूड. व्याली की मग पांढरं मिश्रण भरपूर. मी तुझ्या बायकोला विचारलं, जिला सर्वांत जास्त गरज तिचाच घास काढायचा, हा कुठला न्याय? तर म्हणाली, ताई, आयतं मिळत राहिलं की हाडातला चुना काढायची अंगाची सवय मोडते. व्याल्यावर दूध धो धो उतरतं, तेव्हा आयतं पुरत नाही आणि हाडातलं येत नाही, की गाय खाली बसते, तिला उठता येत नाही. यावर माझं मत असं पडलं, की तिचं गोपालनाचं प्रशिक्षण पंधराच दिवसांचं होतं.

पहिली गाय व्याली आणि बसली. मान पोटाकडे वळलेली, कान गार. डॉक्टर या आजाराला दुग्धज्वर म्हणतात. अंग थंडगार आणि नाव ज्वर; इथेच मला पहिला संशय आला. शिरेतून औषधाची बाटली गेल्यावर ती उठली. महिन्याभराने दुसरीचं तेच झालं. मी तुला लगेच कळवलं, की तुझी बायको गाभण गायींना उपाशी ठेवते. खाद्यवाल्यावरही माझा संशय होता, कारण तो फार नम्र बोलतो. आणि आपल्या मिशीवाल्या गड्यावर, कारण तो मुळीच बोलत नाही. धूर दिसला की अग्नीचं अनुमान मुलांना शिकवत आले मी. धूर मात्र रोज आपल्याच पदरातून येतोय, हे हुंगून बघायचं राहिलं.

तिसरी उठलीच नाही. ती काळ्या कपाळाची, तुझी लाडकी. तेव्हा तुझं पत्र आलं: चौथी बसली तर या सुट्टीत गोठा विकून टाकतो, हिच्या हातात जनावरं नकोत. तुझ्या बायकोने ते वाचलं, घडी घालून डब्याखाली ठेवलं आणि गव्हाण झाडायला गेली. त्या दिवसापासून तिने चौथीच्या मुताचा थेंब कागदाच्या पट्टीवर घेऊन रंग बघायला सुरुवात केली. पूड लागू पडली की मूत आंबट होऊन पट्टीचा रंग बदलायला हवा होता, बदलत नव्हता. म्हणजे गायीच्या पोटात निळ्या डब्याखेरीज आणखी काहीतरी जात होतं. तिने खाद्याची पोती तपासली, गड्याला विचारलं. त्याने मिशीवर हात ठेवून शपथ घेतली. मीही त्याला बारकाईने प्रश्न विचारले. माझे प्रश्न फारच छान होते.

मग एका सकाळी डॉक्टर आले. आम्ही कप्प्यापाशी उभ्या. चौथी गाय उठली, तुझ्या बायकोला ओलांडून, डॉक्टरांना ओलांडून सरळ माझ्याकडे आली आणि सगळ्यांसमोर माझ्या स्वेटरच्या उजव्या खिशात नाक खुपसून चाटत बसली. डॉक्टर म्हणाले, जनावराला माया कळते.  तुझी बायको जेवण वाढता वाढता एवढंच म्हणाली, ताई, स्वेटर धुवायला टाका, खिसा पांढरा झालाय.

रोज सकाळी फिरून येताना मूठभर पांढरं मिश्रण आणि लसूणघासाची पेंढी. पोटुशी जनावरं माझ्याकडे बघायची, मला बघवायचं नाही. चौघींनाही दिलं, अगदी नेमाने, आणि नंतर घरात येऊन तुला अहवाल लिहिले. काळ्या कपाळाचीला तर दोन मुठी, ती तुझी म्हणून.

त्यानंतर मी कप्प्याकडे फिरकले नाही. पट्टीचा रंग चौथ्या दिवशी बदलला. आज सकाळी चौथी व्याली. तुझी बायको शेजारी बादली उपडी घालून बसली होती, आणि मी दारात, आत जायची छाती होत नव्हती. अर्ध्या तासात गाय उठली आणि वासराला चाटू लागली.

खिसा दिसल्यापासून आजवर तिने तुला एक अक्षर कळवलं नाही, मला एक टोमणा मारला नाही. तिच्या जागी मी असते, तर नक्की मारला असता. म्हणून हे पत्र. गोठा विकायचा नाही, आणि तिची माफी तू मागायची आहेस, माझी मी मागतेच आहे. पाकीट चिकटवलेलं नाही. टपालात टाकायला तिच्याच हातात देते आहे, तेव्हा तुला मिळेल तोवर तिने ते वाचलेलं असेल. न वाचता चिकटवलं, तर ती माझ्यापेक्षा मोठी.

स्वतःच स्वतःला बडतर्फ केलेली,
तुझीच ताई