मागचा टायर

प्रिय दादा,

तुझी लेक अपेक्षा परवा तुझी मोटारसायकल घेऊन लेहला निघतेय. टायर बघायला मलाच घेऊन गेली. दुकानात तिने विचारलं, "काका, मागचा अजून चालेल ना?"

सहा वर्षांपूर्वी तूही हेच विचारलं होतंस. टायरला पडलेल्या बारीक चिरा मी पाहिल्या होत्या. पण तू मला सोबत नेत नव्हतास, त्या रागात म्हणालो, "आरामात चालेल." तो घाटात फुटला, तुझा पाय गेला आणि तू खड्ड्यावर खापर फोडत राहिलास.

आज दोन्ही टायर नवे घ्यायला लावले आणि तिथेच तिला सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "बाबांना माहितीये. तुम्ही स्वतःहून कधी सांगाल, याची वाट बघतायत."

हे पत्र टाकत नाही. उद्या कोथरूडला येतो.

तुझा अपराधी,
पृथ्वीराज