हळदीची बोटं

कुरुंदा, सोमवार, फेब्रुवारी १९९९

जीव नुसता जळतोय माझा. तांड्यावरची शेवंता, आई ऊसतोडीला गेल्यापासून वर्गात गप्पच. मी रागावले, गोंजारलं, लेकरू तोंड उघडेना. आणि चित्रकलेच्या नव्या बाईंनी काय केलं? भिजवलेली हळद पुढ्यात ठेवली नि म्हणाल्या, "बोटानं काढ." आज पोरगी त्यांना धडा वाचून दाखवून राहिली! हळद काय माझ्या घरी नव्हती? पोतंभर पडलीय.

तिनं काढलेला वर्ग पाहिला. त्यात मी आहे, पण पाठमोरी. चिडूनच विचारलं, "माझं तोंड काहून न्हाई काढलं?"

हळदीची बोटं फ्रॉकला पुसत ती इतक्या दिवसांनी माझ्याशी बोलली.

"बाई, तुमी फळ्याकडंच बघता."