टाकीमागची शाळा

९ जून, रविवार

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना कठड्याला धरत जा, लाजू नकोस.

सकाळपासून एकच चित्र डोळ्यांपुढे आहे. शुक्रवारची संध्याकाळ, आपण दोघी मागच्या पायरीवर बसून कॅनव्हासच्या बुटांना ओला खडू फासतोय. माझे दोन्ही बूट होऊन जायचे आणि तू एकाच बुटावर अडून बसायचीस. मग आई आतून ओरडायची, "अगं, बूट पांढरे करायचेत, फ्रॉक नाही." सोमवारी कॉन्व्हेंटच्या रांगेतून फिरताना सिस्टर आपल्या पायांकडे बघून नुसती मान हलवायच्या आणि तेवढ्यावर आपला आठवडा छान जायचा.

तू फोन करतेस आणि मी उचलत नाही, म्हणून चिडली असशील. कारण सांगते. आधी बिट्टीच्या शाळेचं सांगू दे.

नातीची प्राथमिक शाळा संपली. आमच्या भागात सरकारी माध्यमिक शाळा दोनच. एक बागेपलीकडची नवी, तिला सगळे काचेची शाळा म्हणतात. दुसरी पाण्याच्या टाकीमागची, जुनी. दोन्ही बघायच्या आणि एकीला होकार कळवायचा. माझी लेक सातवीपासून टाकीमागच्या शाळेत शिकली हे तुला आठवत असेल. तिचे बाबा गेल्यावर कॉन्व्हेंट परवडणं शक्य नव्हतं. घरी ती शाळेबद्दल अवाक्षर काढायची नाही. मीही विचारलं नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दिवसभर परक्या लोकांशी बोलून घरी आले की मला कुणाशी बोलावंसं वाटत नसे.

लेकीला जाऊन वर्ष होत आलं. बिट्टी तेव्हा रडली नाही, पण तिचं बोलणं कमी होत होत हो-नाहीवर आलं. तिला बोलती करील अशी शाळा मला हवी होती. बाकी काही नको होतं.

खालच्या शिंप्याला विचारलं. तो म्हणाला, "टाकीमागचीच घ्या, ताई. निकाल बघा तिचा."

"तुमची मुलं होती का तिथे?"

"माझी होय? माझी मामाकडे शिकली," म्हणाला आणि तोंडात टाचण्या धरून बसला. एरवी ह्या माणसाचं तोंड बंद करायला कात्री लागते.

सुट्टी लागण्याआधी, पालकांना शाळा दाखवायच्या दिवशी आम्ही गेलो. स्वच्छ, थंड इमारत. टाकीच्या सावलीत असल्यामुळे भिंतींना सतत ओल. आम्हाला एका वर्गात मागे बसवलं आणि मुलींना रिकाम्या बाकांवर. वर्गाच्या बाई क्रमांकाने हजेरी घेत होत्या. एखादीची जागा रिकामी असली तर शेजारची मुलगी उठून "आहे" म्हणायची.

"आमच्याकडे कुणी गैरहजर नसतं," बाई आम्हाला म्हणाल्या. "प्रत्येकीला जोडीदारीण असते. एक आली नाही तर दुसरीने तिचं उत्तर द्यायचं. जुनी रीत आहे."

"आणि शाळा सोडून गेलेल्या मुली?" एका पालकाने विचारलं.

"त्यांचंही देतो."

पुढचा प्रश्न कुणी विचारला नाही. बाईंनी त्याचंही उत्तर दिलं, "त्यांचंही."

मग एका क्रमांकाला कुणीच बोललं नाही. बाईंनी तो पुन्हा पुकारला. तेव्हा आपली बिट्टी उठली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आहे." कित्येक महिन्यांनी मी तिचा तो आवाज ऐकला. बाईंनी शांतपणे खूण केली आणि पुढे गेल्या.

जिन्यात मी विचारलं, "कुणासाठी बोललीस गं?"

"माझ्या शेजारी बसली होती ना ती. तिच्याकडून कुणीच बोलेना."

त्या बाकावर बिट्टी एकटीच होती.

तुला वाटेल मी तिथूनच परतायला हवं होतं. पण घरी आल्यावर पोर जेवली, हसली, शिंप्याची नक्कल करून दाखवली. झोपताना गादीवर भिंतीकडची अर्धी जागा मोकळी ठेवली. मी म्हटलं, ठेवू दे. मुलं असे खेळ खेळतातच.

आणखी एक गोष्ट आहे. ती लिहायला घेते आणि पेन थांबतं.

दोन दिवसांनी मी एकटी त्या बाईंकडे गेले. म्हटलं, माझी मुलगी इथेच शिकली होती. त्यांनी वर न बघता विचारलं, "ऐकायचंय का?" मला सातवीच्या वर्गाच्या दाराशी उभं केलं. हजेरी चालू होती. मधल्या रांगेतली एक किडकिडीत मुलगी उठली आणि "आहे" म्हणाली. आवाज त्या मुलीचा नव्हता, धाकटे. सर्दी झाल्यासारखा तो बसका आवाज तुलाही ओळखता आला असता. तिथेच दाराला टेकून मी ठरवून टाकलं, बिट्टी ह्याच शाळेत येणार. रोज तिला सोडायला यायचं आणि दाराशी थांबायचं.

काचेच्या शाळेत केवळ नियम म्हणून गेलो. तिथे मुख्याध्यापक एकेका मुलाचं नाव पुकारून त्याला पुढे बोलवत होते. बिट्टीचं नाव आलं. ती माझ्या शेजारी बसून समोर बघत राहिली. मी कोपराने ढोसलं, ढिम्म हलली नाही. ती समोर असूनही मुख्याध्यापकांनी गैरहजर लिहिलं. रस्त्यात मी रागावले.

ती समजूत घालावी तसं म्हणाली, "आजी, माझं उत्तर तिने द्यायचं असतं. आज ती आलीच नव्हती."

त्यानंतर घरात मी हाक मारली तरी ती ओ देईना. ऐकायची, माझ्याकडे बघायची आणि मग शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघून वाट पाहायची.

मी तशीच टाकीमागे गेले. बाई म्हणाल्या, "एकदा उत्तर दिलं की जोडी लागते. दुसरी कुणी येईपर्यंत सुटत नाही."

"दुसरी कुणीही चालेल?"

त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "बाक बुटके आहेत. तुमचे गुडघे दुखतील."

"दुखू देत."

"मग शाळा उघडेल त्या सोमवारी या."

घरी आले आणि दारातूनच हाक मारली, "बिट्टे."

"काय गं आजी? किती ओरडतेस. आले ना."

मी चपला न काढता खालीच बसले.

त्या दिवसापासून मला ओ देता येत नाही. बाकी सगळं बोलते, बिट्टीला गोष्टीसुद्धा सांगते. पण कुणी हाक मारली, फोन वाजला, की शब्द गळ्याशी येऊन थांबतो. शिंपी म्हणतो, "ताई, कान गेले का?" जन्मभर फोनला उत्तर द्यायची नोकरी केली आणि आता ही गत. भिंतीकडची जागा माझ्या गादीवर राखावी लागते. त्या बाजूची चादर गार असते.

घाबरू नकोस. खोटं कशाला बोलू, जायला मी नाखूश नाही. सातवीचा वर्ग त्या बाकाच्याच मजल्यावर आहे.

शाळा पुढच्या सोमवारी उघडते. तू शनिवारी ये, इथेच राहायला ये. काचेच्या शाळेला होकार कळवला आहे, पालक म्हणून तुझं नाव दिलं आहे. रेडिओ शिंप्याला दे, तोंड बंद असताना त्याला सोबत होईल. माझे चष्मे समोरच्या दवाखान्यातल्या नर्सला, ती गरजूंना देते. लेकीची निळी शाल बिट्टीला, पण थंडी पडल्यावर दे, आत्ता बघून हळवी होईल. माझी गादी कुणालाही देऊ नकोस, तिच्यावर तूही झोपू नकोस. टाकीमागच्या शाळेतून कुणी आलं आणि काहीही मागितलं, तरी द्यायचं नाही.

बिट्टी तुला. तिने हाक मारली की हातातलं काम टाकून ओ देत जा. आणि मला हाक मारू नका, दोघीही. मला ऐकू येत असेल.

तुझी,
ताई