स्थळ पाहायला परमिट रूममध्ये

१२ नोव्हेंबर ७३, सोमवार. देवळाली प्रवरा.
भावजी राहुरीहून स्थळ घेऊन आले. माझे धाकटे दीर, लग्नं जमवायची त्यांना भारी हौस. मुलाचं नाव विलास. आई कोल्हारला, तो मुंबईत माहीमला. नोकरी आहे, खोली आहे. मी विचारलं, नोकरी कसली? भावजी बशीतल्या चहाकडे बघत म्हणाले, "हॉटेलात हाय."
कसलं हॉटेल?
"परमिट रूम. पर पोरगा स्वतः शिवत न्हाई, वहिनी. मी शपथ घालून इचारलं."
आतल्या खोलीत लेकीचं, मालनचं, शिलाई मशीन थांबलं.
ह्यांना जाऊन सात वर्षं झाली. दारूनेच गेले, गावाला माहीत आहे. भावजींचा सख्खा भाऊ. 

१४, बुधवार
मा.ला विलास पसंत आहे. मावसबहिणीच्या लग्नात दोघं बोलले होते म्हणे. मला आज कळलं. "आई, तू त्याला बघ तरी."
बघेन. पण खोली नाही बघायची. खोलीला काय, सगळीकडे चार भिंतीच. तो दिवसभर उभा राहतो ती जागा बघेन. भावजींना पटलं नाही. "बाईमाणसानं तिथं पाय ठेवायचा? लोक काय म्हनतील?" म्हटलं, तिथे मुलगी दिली तर चालते, आईनं जाऊन बघितलेलं चालत नाही? "मग मीबी येतो," म्हणाले. लगेच.

१९, सोमवार. मुंबई.
काल पोचलो. भाचीकडे उतरलो आहोत. आज दिवेलागणीच्या आधी विलासच्या परमिट रूमवर गेलो. समुद्र जवळच, वारा खारट. एकाच रस्त्याला अशा तीन-चार जागा. आमच्याकडे भट्टी ओढ्यापलीकडे असे, माणूस तोंड लपवून जाई. इथे तोंड धुऊन, इस्त्रीचे कपडे घालून, हसत जातात. आत आरसे, पंखे, तळलेल्या बोंबलांचा वास.
विलास पांढऱ्या शर्टात. पाया पडला. पडद्यामागच्या टेबलाशी आम्हाला बसवलं, मला लिंबू-सोडा दिला. मी विचारलं, परमिट म्हणजे काय रे? म्हणाला, "तब्येतीसाठी दारू लागते, असा सरकारी कागद."
"मग मी आजारीच हाय," भावजी म्हणाले.
"तुमचा आजार सोड्यानं जाईल, काका." सोडाच दिला. भावजी रुसून बसले. मला मुलगा आवडला, खोटं कशाला लिहू.
मग एक माणूस आला. साठीचा, कोट जुना पण स्वच्छ. हात असे कापत होते की टेबलावर ठरेनात. विलासने न सांगता ग्लास भरला, त्याच्या मानेमागे हात घातला आणि पहिला घोट स्वतः पाजला. थोड्या वेळाने माणसाचे हात थांबले. मग त्याने ग्लास आपला आपण धरला.
ह्यांचा चहाचा कप मी असाच धरत असे. शेवटचं वर्षभर.
विलास आला तेव्हा म्हटलं, देऊ नको त्याला.
"पाजलं न्हाई तर सांडतो, मावशी. मग लोक हसत्यात."
घरी कोण?
"बायको हाय. ती बाहेर थांबते. आत येत न्हाई."
मी उठून बाहेर गेले. भावजी हाका मारत राहिले.
पायरीजवळ एक बाई पिशवी घेऊन उभी होती. माझ्याच वयाची. मी सरळ विचारलं, हा पोरगा कसा आहे, मुलगी द्यायची आहे. तिला नवल वाटलं नाही. म्हणाली, "चांगला आहे. तिसऱ्यानंतर देत नाही. हाताला धरून बाहेर माझ्याकडे आणून सोडतो." मग पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "वाईट असता तर भांडले तरी असते मी. ह्याच्याशी कशी भांडू?"

२०, मंगळवार
सकाळी विलास भाचीकडे आला. मी विचारलं, ही नोकरी सोडशील?
"न्हाई, मावशी. गेल्या दुष्काळात आई माज्या पैशावर जगली. लग्नासाठी हो म्हनीन, पर ते खोटं हुईल."
भावजी मध्येच, "अरे, हो म्हनायचं असतं तिथं!"
विलासने नकारार्थी मान हलवली. खोटं बोलला असता तर मी रागाने परत निघाले असते.

२२, गुरुवार. घरी.
मा.ला सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. हात, घोट, पायरीवरची बाई. ऐकताना तिने सुई खाली ठेवली नाही.
रात्री वाचायला पुस्तक घेतलं. एकच पान तीनदा.

२५, रविवार
कोल्हारचे पाव्हणे दुपारी येणार. विलासची आई आणि मामा. आज हो की नाही सांगायचं. भावजी सकाळपासून ओसरीवर, नारळ त्यांच्याच पिशवीत. "वहिनी, असा बिननिशेचा जावई गावात एक दाखवा." दाखवता येत नाही.
पोहे भिजवताना मा. म्हणाली, "आई, त्या बाईचा नवरा तिथं बसणारा आहे. माझा उभा राहणारा असेल."
मी म्हटलं, आणि ती बाई?
"विलास नसला तरी ती तिथंच उभी असेल ना."
खरं आहे. पण विलास रोज तिच्यासमोरून आत जाणार, पाजणार, आणि मग घरी येऊन मा.च्या हातचं जेवणार. तो मा.ला ते सांगेल की सांगणार नाही? यातलं बरं कुठलं, मला ठरवता येत नाही.
मा. म्हणते, तू म्हणशील तसं. आणि ती खरंच तसं करेल.
बैलगाडीचा आवाज येतोय. भावजी उठले.