समोर बसून शिकलेला हात

मी, जिला या गल्लीत सगळे मणीकाकू म्हणतात आणि जिचे खरे नाव आता फक्त बँकेला लागते, वय वर्षे चौऱ्याहत्तर, व्यवसाय घरच्या घरी मागावर काचमण्यांचे दागिने विणणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत सांगत आहे. हात थरथरतो म्हणून लिहून घेण्याचे काम वकीलबाई करीत आहेत. थरथर हाताची आहे, डोक्याची नाही, याची खात्री त्यांनी माझ्याशी वाद घालून करून घेतली आहे. मधूनमधून मी जे बोलेन तेही लिहायचे असे ठरले आहे. "काकू, एवढं कायद्याला लागत नाही," असे त्यांचे म्हणणे. मला लागते.

कलम १. राहत्या घरातील माझा हिस्सा आणि बँकेतील ठेव माझ्या मुलीला मिळावी. मागच्या अंगाची खोली माझ्या नणंदेची आहे. माझे पती हयातीतच ती बहिणीच्या नावे करून गेले, त्यामुळे त्याविषयी मला काही सांगायचे नाही. जे सांगायचे होते ते त्यांना वेळच्या वेळी सांगून झाले आहे.

कलम २. या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून माझी नणंद सही करील. आम्ही दोघीच या घरात राहतो, आणि मी त्यांना वन्सं म्हणते. वकीलबाई सांगतात की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळायचे आहे त्याने साक्षीदार होऊ नये. हे ऐकूनच मी वन्संचे नाव सुचवले. माझ्या मागातले काहीही त्यांच्याकडे जाऊ नये, याची इतकी पक्की सोय दुसरी नाही. कारण कलम ५ मध्ये येईल.

कलम ३. माग. माग म्हणजे फार काही नाही. एक लाकडी चौकट, दोन्ही टोकांना एकेक फणी, आणि फण्यांच्या दातांतून ताणलेले दोरे. चौकट माझ्या पतींनी जुन्या पलंगाच्या फळीची केली. फण्या माझ्या, माहेरून आणलेल्या, मला न विचारता कापून बसवल्या. मी त्यांच्याशी बोलणे टाकले आणि केस विस्कटलेले ठेवून घरभर हिंडले. मग पहिली पट्टी विणली, आणि राग कुठल्या कुठे गेला.

वकीलबाई, हे नीट लिहा. एक मणी चिमटीत धरला तर मोहरीएवढा, त्यात बघण्यासारखे काही नाही. सुईत एक ओळ ओवायची, ती ताणलेल्या दोऱ्यांच्या खालून न्यायची, दर दोन दोऱ्यांच्या मधे एकेक मणी बोटाने वर दाबून बसवायचा, आणि सुई वरच्या अंगाने त्याच मण्यांतून परत आणायची. एवढेच. पण ओळीवर ओळ बसत गेली की एकदम मणी दिसेनासे होतात आणि पान दिसते, पाखराचे पीस दिसते. ते नेमके कधी होते हे मला आजवर पकडता आलेले नाही. माझ्याच हाताखाली घडते आणि मीच आ वासून बघत राहते. ज्याने कोणी हे पहिल्यांदा शोधून काढले त्याच्या पाया पडावेसे वाटते.

कलम ४. मागावरची अर्धी पट्टी. ही गळपट्टी मुलीसाठी लावली होती. एका टोकाला गडद निळी, मध्याकडे फिकट होत शेवटी पांढरी, आणि तिथून पुन्हा गडद, पाण्यावर सकाळचे ऊन पडते तशी. नक्षी कागदावर काढलेली नाही. पुढचा मणी कोणता हे फक्त मला ठाऊक. पांढरा लागायच्या आधीच हात थरथरू लागला. मी माग कापडाने झाकला आणि पुन्हा तिकडे बघितले नाही, कारण बघवत नव्हते. ही पट्टी तशीच अर्धी ठेवून मागासकट काचेच्या पेटीत बंद करावी. माझ्यामागे तिला कोणी हात लावू नये.

कलम ५. कात्री. ही मी कपाटात कुलूप लावून ठेवते. किल्ली माझ्या मुलीला, आणि फक्त तिलाच. बऱ्याच वर्षांपूर्वी, माझा हार एका प्रदर्शनात मांडायचा होता त्याच्या आदल्या दिवशी मी आंघोळीला गेले असता, वन्संनी वहिनीचे काम हलके करावे म्हणून तयार हार मागावरून कापून काढला. टोके बांधायच्या आधी दोरे कापले की ओळी निसटू लागतात, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यात घाबरून त्यांनी हार उचलला. मी बाहेर आले तेव्हा चार महिन्यांचे काम फरशीवर टपटपत होते. अजूनही कपाटामागून एखादा मणी निघतो आणि माझे डोके फिरते.

त्या दिवशी मी सांगितले, यापुढे मागाला हात लावायचा नाही. त्यांनी ऐकले. वर्षानुवर्षे रोज दुपारी मागाच्या पलीकडे स्टूल घेऊन बसत आल्या, हात मांडीवर, नजर दोऱ्यांवर. "काय बघता एवढं?" असे मी विचारले की, "काही नाही, बघते," एवढेच.

येथे वकीलबाईंनी विचारले, "अर्धी म्हणजे नेमकी किती? वर्णन अचूक हवं, नाहीतर उद्या वाद होतात." म्हणून मी उठले आणि मागावरचे कापड काढले.

पट्टी अर्धी नाही. ती पांढऱ्यापर्यंत पोचून, पलीकडे उतरून, पुन्हा निळी होऊ लागली आहे. मी बोट फिरवून बघितले. माझे काम कुठे संपले ते बोटाला सापडेना. माग उन्हात सरकवला तर ऊन सरळ त्या पाण्यावर पडल्यासारखे झाले. आधी वाटले, हे मीच विणले आणि विसरले. तसे असेल तर वर पूर्ण शुद्धीत म्हटले आहे ते खोडावे लागले असते.

मग मी काठ बघितले. एक ओळ संपवून दुसरीवर जाताना दोरा काठावर तिरका चढतो. माझ्या कामात तो डाव्या काठाला असतो, कारण मी उजव्या हाताने विणते. फिकट निळ्यापासून पुढे तो उजव्या काठाला गेला आहे. म्हणजे विणणाऱ्याचा हात डावा. या घरात डावखुरे कोणी नाही. वन्सं लिहितात उजव्या हाताने, जेवतात उजव्या हाताने.

तेवढ्यात वन्सं सहीसाठी चष्मा शोधून, चहा घेऊन आल्या.

"वन्सं, हे तुम्ही?"

त्यांना ट्रे कुठे ठेवावा ते सुचेना. "हल्ली तुम्ही दुपारच्या झोपता ना, तेव्हा, तुमच्या जागेवर बसून. तुम्ही तिकडे बघायच्याच बंद झालात, मला राहवेना. चुकलं असेल तर उसवते, वहिनी. उसवायलाही येतं मला."

"पण डाव्या हाताने?"

"म्हणजे? हे डाव्या हातानेच करतात ना? तुम्ही तसंच तर करता."

समोर बसलेल्याला माझा उजवा हात त्याच्या डावीकडे दिसतो, हे मला कधी सुचलेच नव्हते.

"आणि रंग? पुढचा मणी कोणता हे कोणी सांगितलं?"

"मणी उचलायच्या आधी तुम्ही त्या वाटीकडे बघता. कुठल्या वाटीनंतर कुठली, ते पाठ झालं मला. मी तुमच्याकडे बघत होते. दुसरं काय केलं मी इतकी वर्षं?"

मी पलीकडच्या स्टुलावर बसले. एक बाई हात मांडीवर ठेवून, उलट्या बाजूने बघत, नको त्या हाताने माझी सगळी विद्या शिकली, आणि तिची ओळ माझ्या ओळीहून सरळ आहे. माझ्या डोळ्यांपुढचे पाणी तिने मागावर उतरवले. मला आनंद झाला आहे, आणि थोडी भीतीही वाटते आहे. वकीलबाई, दोन्ही लिहा.

दुरुस्ती. कलम २ आणि ४ रद्द. माग, सुया आणि मण्यांच्या सगळ्या वाट्या वन्संना, माझ्यामागे नव्हे, आजपासून. पट्टी पुरी झाली की मुलीला द्यावी आणि दोन हातांची आहे असे सांगावे. तिरका दोरा तिला दाखवावा.

कलम ५ मध्येही बदल. हाराचा गुन्हा माफ केलेला नाही, अशी स्पष्ट नोंद असावी. तथापि कपाटाची किल्ली मी आत्ताच वन्संच्या हातात दिली. पट्टीची टोके बांधून झाली की ती मागावरून त्यांनीच कापून उतरवावी. त्या वेळी मी आंघोळीला जाणार नाही.

येणेप्रमाणे सांगितले ते वाचून दाखवले, ते माझेच आहे, म्हणून थरथरत का होईना, सही करते.

सही: मणीकाकू

साक्षीदार:
१. नणंद. (खोडले. यांना मिळते आहे.) त्यांच्याऐवजी खालच्या मजल्यावरचे शिंपी, हाक मारून वर बोलावले.
२. समोरच्या औषधांच्या दुकानाच्या मालकीणबाई.

दिनांक: वकीलबाईंनी घातला आहे.

ठिकाण: खिडकीजवळची खोली, मागाच्या पलीकडचे स्टूल. माझ्या जागेवर वन्सं बसल्या आहेत, आणि सह्या होईपर्यंत थांबायला तयार नाहीत.